बारा चौरस मीटरचं इतिहासचित्र: मुखाच्या रीतीनं, नाशिकच्या हवेत

रंग, ब्रश, कॅनव्हास यांची यादी करण्याआधी एक कागद तयार करा: चित्र कुठल्या भिंतीवर लागणार, आणि त्या भिंतीच्या मालकाची त्यावर सही. हे उगाच सांगत नाही. आल्फॉन्स मुखा (चेक उच्चार मुखा, मुचा नव्हे) या चित्रकारानं ‘स्लाव महाकाव्य’ ही स्लाव लोकांच्या इतिहासावरची वीस प्रचंड चित्रांची मालिका १९१० पासून पुढची अठरा वर्षं घालवून उभी केली. पैसा शिकागोच्या चार्ल्स क्रेन या धनिकाचा, जागा बोहेमियातल्या झ्बिरोहच्या गढीतल्या काचेच्या छताच्या दालनाची. १९२८ मध्ये सगळी मालिका प्राग शहराला भेट दिली, अट एकच: शहरानं तिच्यासाठी दालन बांधावं. ते बांधलं गेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात कॅनव्हास गुंडाळून लपवावे लागले, १९६३ पासून ते मोराव्स्की क्रुम्लोव या छोट्या गावातल्या गढीत लागले, २०१२ मध्ये प्रागला गेले, २०१७ मध्ये गुंडाळून टोकियोला, आणि २०२१ मध्ये पुन्हा क्रुम्लोवला. त्यातल्या सर्वांत मोठ्या चित्रांचं माप ६.१० बाय ८.१० मीटर. एवढ्या आकाराची वस्तू घराशिवाय राहिली की तिचं काय होतं, याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण नाही.

पुढची कृती ३ बाय ४ मीटरच्या एका चित्रासाठी आहे. वाचनालय, महाविद्यालयाचा कलाविभाग, एखादं मंडळ, अशा चार-पाच जणांच्या गटाला हे पेलतं. मुखाच्या मोठ्या चित्राच्या हे साधारण पाव आहे, पण अडचणी जवळपास सगळ्या त्याच येतात.

भिंत, जिना आणि बांबू

३ बाय ४ हे माप मुद्दाम घेतलं आहे. याचा कर्ण बरोबर ५ मीटर येतो. गवंडी गुणिया जुळवायला जे ३-४-५ वापरतो तेच इथे चौकट काटकोनात आहे की नाही हे सांगतं. दोन्ही कर्ण ५ मीटर आले तर चौकट सरळ. एक ४.९८ आणि दुसरा ५.०२ आला तर कापड ताणताना एका कोपऱ्यात सुरकुती राहणारच, ती कितीही ओढा.

भिंतीसमोर माणसाला मागं सरकायला किमान ६ मीटर जागा हवी. नाहीतर चित्र दिसत नाही, नुसते पाय दिसतात. पश्चिमेची आणि नैर्ऋत्येची बाहेरची भिंत टाळा. पावसाचा मारा तिकडूनच येतो आणि जुन्या दगडी भिंती ते पाणी दिवाळीपर्यंत धरून ठेवतात. आतली, दोन्ही बाजूंना खोल्या असलेली भिंत सर्वांत बरी. सराफ बाजार, भांडी बाजार या नदीकाठच्या भागात तळमजल्याची भिंत मिळत असेल तर ती फुकट असली तरी नको. गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती पाण्यात जायला लागला की तिथले दुकानदार माल वर उचलतात. बारा चौरस मीटरचं चित्र ऐन वेळी कोण उचलणार?

चित्र तयार झाल्यावर ते नळीवर गुंडाळून आणि चौकट सुटी करून न्यायचं आहे. नळीची लांबी ३.४ मीटर येईल. म्हणून आधी ३.४ मीटरचा बांबू घ्या आणि रस्त्यापासून त्या भिंतीपर्यंत दोघांनी तो नेऊन दाखवा. पंचवटीतल्या किंवा जुन्या नाशकातल्या वाड्यात बोळ पार होतो, दारही पार होतं, आणि बांबू जिन्याच्या वळणावर अडतो. हे चित्र काढण्याआधी कळलं तर माप बदलता येतं.

काम कुठे आणि कधी करायचं

मोह होतो तो चातुर्मासात मंगल कार्यालय घेण्याचा. लग्नं नसतात, भाडं उतरतं, हॉल मोठा असतो. पण तेच चार महिने अस्तर वाळत नाही, अंड्यात कालवलेल्या रंगावर (मुखा तोच वापरायचा) बुरशी येते आणि कापड रोज वेगळ्या ताणात असतं. भाड्यात वाचलेले पैसे यात जातात. त्यापेक्षा सातपूर किंवा अंबडकडचा रिकामा शेड कार्तिकीनंतर घ्या आणि मे अखेर रिकामा करा. शेडच्या छतात पारदर्शक पत्रे असतील तर ते उत्तरेकडच्या उताराचे असावेत. दक्षिणेचे असतील तर खालून पांढरं मांजरपाट ताणून ऊन फोडून घ्या. संध्याकाळी काम करायचं तर ज्या दिव्यांखाली चित्र कायमचं लागणार तेच दिवे शेडमध्ये लावा. पिवळ्या दिव्याखाली जुळवलेला निळा पांढऱ्या ट्यूबखाली वेगळाच निघतो आणि दोष रंगाला दिला जातो.

एप्रिल-मेमध्ये दुपारी रंग ब्रशवरच वाळतो. त्या दिवसांत सकाळी साडेसहा ते अकरा काम, मग बंद.

एक नाजूक गोष्ट आधीच बोलून घ्या: या कामात अंडी लागतात, रोज लागतात. देवस्थानाच्या किंवा शाकाहारी संस्थेच्या जागेत ते चालणार नसेल तर सरळ मॅट ॲक्रिलिकवर जा. केसीनचा, म्हणजे दुधातल्या प्रथिनात कालवलेल्या रंगाचा, पर्याय कोणीतरी हमखास सुचवतं. केसीन लाकडावर, भिंतीवर उत्तम. गुंडाळायच्या कापडावर ते अंड्यापेक्षाही लवकर तडकतं.

कुठला क्षण

मुखाकडून घेण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट तंत्राची नाहीच. ग्रुनवाल्डच्या लढाईचं चित्र त्यानं काढलं ते लढाई संपल्यानंतरचं, व्हीटकोवच्या लढाईचंही नंतरचं. मालिकेतल्या पहिल्या चित्रात, १९१२ च्या, हल्ला पुढ्यात नाही. दिसतं ते चांदण्यांनी भरलेलं आकाश, क्षितिजावर जळणारी वस्ती, आणि अगदी पुढे झुडपात दडलेलं एक जोडपं, डोळे विस्फारून थेट आपल्याकडे पाहणारं. भीती समजायला तेवढं पुरतं.

मोठ्या कॅनव्हासवर धावपळ काढली की ती गोठलेली दिसते. थांबलेली माणसं मात्र मोठ्या मापात श्वास घेतात. नाशिकचे विषय याच गाळणीतून काढा. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. झटापटीपेक्षा बंद दरवाजासमोर उन्हात बसून राहिलेली रांग हे बारा चौरस मीटरचं चित्र आहे. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर नारोशंकराच्या देवळाला जी घंटा आली, तिच्यासाठी वसईचा किल्ला रंगवू नका. घंटा टांगणारे हात, दोर आणि खालून वर बघणारी माणसं रंगवा. त्रिरश्मी लेण्यातला गौतमी बलश्रीचा लेख घ्यायचा तर तिचा मुलगा, लढणारा सातवाहन राजा सातकर्णी, बाजूला ठेवा. मुलाच्या मृत्यूनंतर त्याचे पराक्रम दगडात कोरून घेणारी आई आणि छिन्नी धरलेला कारागीर, एवढ्यात सगळं येतं.

पात्रांचा आकडा पंधरा ते पंचवीस ठेवा. त्यातल्या तीन-चार चेहऱ्यांना पूर्ण तपशील, बाकीच्यांना आकार. रंगांचे गट चारच्या वर नेऊ नका. मालिकेच्या १९२६ च्या शेवटच्या चित्रात मुखानं निळा प्राचीन काळाला, लाल हुसाइट पर्वाला (पंधराव्या शतकातली चेक धर्मसुधारणेची चळवळ), काळा शत्रूंना आणि पिवळा स्वातंत्र्याला दिला. एवढी गर्दी असूनही ते चित्र लांबून वाचता येतं ते या शिस्तीमुळे.

रेखाटन आणि फोटो

मूळ रेखाटन ३० बाय ४० सेंटिमीटर, म्हणजे एकास दहा. ते आधी फक्त काळा, राखाडी, पांढरा अशा तीन छटांत करा आणि फोनवर अंगठ्याएवढं करून पाहा. तिथे विषय कळला नाही तर भिंतीवरही कळणार नाही.

मुखा माणसांना पोशाख घालून, उभं करून त्यांचे फोटो काढायचा आणि त्यांवरून आकृती बांधायचा. आज हे सोपं आहे पण दोन चुका हटकून होतात. फोन जवळून धरला की पुढचा हात फुगतो आणि डोकं लहान होतं. चार-पाच मीटर मागं जा आणि दुप्पट झूमवर काढा. दुसरी चूक उजेडाची: वीस माणसांचे फोटो वीस वेगवेगळ्या दिवशी निघतात आणि सावल्या वीस दिशांना पडतात. जमिनीवर खडूनं सूर्याची दिशा आखून ठेवा, एकाच तासात सगळ्यांना आळीपाळीनं उभं करा.

क्षितिज ठरवताना चित्राची खालची कड जमिनीपासून किती उंच लागणार ते मोजा. कड ९० सेंटिमीटरवर आणि पाहणाऱ्याचे डोळे दीड मीटरवर असतील, तर कडेपासून ६० सेंटिमीटरवर क्षितिज ठेवल्यास चित्रातली माणसं आपल्याच जमिनीवर उभी वाटतात. गर्दीची खोली दाखवायची असेल तर क्षितिज बरंच वर न्यावं लागतं. मग तो आपलेपणा सोडावा लागतो. दोन्ही एकाच चित्रात मिळत नाही.

चौकट

सुकवलेलं सागवान किंवा पाइन, बाहेरची पट्टी साधारण ७५ बाय ४० मिलिमीटर. आत दोन आडव्या आणि तीन उभ्या पट्ट्या, म्हणजे कुठेही मीटरभरापेक्षा जास्त मोकळा पल्ला राहत नाही. ४ मीटरची पट्टी दोन तुकड्यांत करून मागून ६० सेंटिमीटरची जोडपट्टी बोल्टनं कसा. सगळे सांधे बोल्ट आणि फुलपाखरू नटचे. खिळे आणि सरस नको, कारण ही चौकट निदान दोनदा सुटणार आहे.

सुताराला एक गोष्ट बजावून सांगा, ती तो विसरतो: कापडाच्या बाजूची पट्टीची आतली कड रंध्यानं तिरकी उतरवून घ्यायची, म्हणजे कापड फक्त बाहेरच्या धारेवर टेकतं. सपाट पट्टी राहिली तर वर्षभरात पट्टीची पूर्ण आकृती चित्राच्या पुढच्या बाजूला उमटते. मधल्या पट्ट्या कापडापासून सेंटिमीटरभर मागं बसवा. कोपऱ्यांत पाचर मारायला खाच ठेवा.

कापड

कोरं सुती डक कॅनव्हास, चौरस मीटरला ३५० ते ४०० ग्रॅम वजनाचं. लिनन परवडत असेल तर उत्तम, पण सुतीवर काम अडत नाही. चारी बाजूंना १० सेंटिमीटर जादा धरून ३.२० बाय ४.२० मीटर तयार कापड हवं. एवढा पन्हा सहसा मिळत नाही, मग जोड द्यावा लागतो.

जोड देताना सगळे पट्टे एकाच थानातले, ताण्याचे (उभे) धागे एकाच दिशेला. दोन थानं वेगवेगळी आकसतात आणि जोडाला चुण्या पडतात. दोन्ही बाजूंचे काठ दोन-दोन सेंटिमीटर कापून टाका, कारण काठाची वीण घट्ट असते आणि ती बाकीच्या कापडाइतकी सैल होत नाही. जोड आडवा ठेवा आणि तो आकाशात, जमिनीत किंवा भिंतीच्या काळ्या दगडात जाईल असं रेखाटन सरकवा. चेहऱ्यातून जोड गेला तर शंभर फुटांवरून दिसतो. शिवून घ्यायला मंडपाचं किंवा ताडपत्रीचं काम करणारे कारागीर योग्य, त्यांच्या मशीनला जाड कापड पेलतं. धागा सुती. नायलॉनचा धागा आकसत नाही आणि कापड आकसलं की त्याची झालर होते.

ताणायला दोघं समोरासमोर. चारी बाजूंच्या मध्यावर एकेक स्टेपल, मग मध्याकडून कोपऱ्याकडे, दर ५ सेंटिमीटरला एक, समोरासमोरच्या बाजू आलटून पालटून. कोपऱ्यापासून सुरुवात केली की मध्ये पोट राहतं. हातानं वाजवून पाहा: ढोलाचा नाही, सैल डफाचा आवाज आला तरी पुरे. अस्तर लागलं की ताण आपोआप वाढतो.

अस्तर

जुन्या पद्धतीत आधी सरस लावतात. नाशिकच्या पावसाळ्यात सरस मऊ पडतो आणि मार्चमध्ये कडक आकसतो. वर्षातून एकदा होणाऱ्या या ओढाताणीत रंग तडकतो. म्हणून इथे सरस टाळलेलाच बरा. ॲक्रिलिक जेसोचे (डब्यात तयार मिळणाऱ्या पांढऱ्या अस्तराचे) तीन हात द्या. पहिल्या हाताला चौथाई पाणी घाला आणि तो रुंद ब्रशनं विणीत चोळा. दुसरा आडवा, तिसरा उभा. प्रत्येक हात रात्रभर वाळू द्या, मध्ये २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकं घासा. कोरं कापड पहिल्याच हाताला खूप पितं. तिन्ही हातांसाठी ५ लिटरचा डबा हाताशी ठेवा.

अडचण अशी की ॲक्रिलिक जेसो फारसा शोषत नाही आणि अंड्याच्या रंगाला शोषणारी जमीन लागते. म्हणून तिसऱ्या हातात तितक्याच मापाची बारीक खडूपूड मिसळा, आधी पाण्यात कालवून. खडू यापेक्षा जास्त झाला तर गुंडाळताना अस्तरच फुटतं. हे चित्रावर तपासू नका. अर्धा मीटर कापडाचा तुकडा बरोबरीनंच रंगवत न्या, तो वाळल्यावर पाण्याच्या चार इंची पाइपभोवती गुंडाळा आणि भिंगातून पाहा. चार इंचाला टिकला तर पुढे चित्र बारा इंची नळीवर गुंडाळताना निश्चिंत.

शेवटी सगळ्या अस्तरावर गेरू आणि काजळीचा पातळ राखाडी हात फिरवा. शुभ्र पांढऱ्यावर छटा जुळवणं अवघड, आणि मधल्या राखाडीवर उजेड आणि अंधार दोन्ही बाजूंना जागा राहते.

अंड्याचा रंग

मुखाची चित्रं अंड्याच्या टेम्परात, म्हणजे अंड्यात कालवलेल्या रंगात, आहेत, काही ठिकाणी तेलाची जोड देऊन. टेम्परा लवकर वाळतो, चमकत नाही, आणि पातळ राहतो. मोठ्या कॅनव्हासला हे तिन्ही हवं असतं. चमकणाऱ्या तेलरंगात एवढ्या मोठ्या चित्राचा अर्धा भाग कायम खिडकीचं प्रतिबिंब दाखवतो.

नुसत्या बलकाचा रंग कापडावर ठिसूळ होतो, म्हणून खालचे हात बलकाचे आणि वरचे अंडं-तेलाच्या मिश्रणाचे ठेवा. हा क्रम उलटा करू नका. तेलकट थरावर पाण्याचा थर धरत नाही, पापुद्रे सुटतात.

बलक काढायची रीत: पांढरं वेगळं करून बलक तळहातावर या हातातून त्या हातात घ्या, हात दर वेळी पुसा, म्हणजे त्याचं बाहेरचं ओलेपण जातं. मग चिमटीत कवचासारखी पातळ त्वचा धरून वाटीवर उचला, खालून सुई टोचा. आतला बलक वाटीत पडतो, त्वचा हातात राहते ती टाका. त्वचा रंगात गेली तर ब्रशला धागे येतात. एका बलकाला तितकंच पाणी आणि व्हिनेगरचे तीन-चार थेंब. निळ्यासाठी व्हिनेगर नको, अल्ट्रामरीन आम्लानं उडतो. तिथे लवंगेच्या तेलाचा एक थेंब घाला. फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतं, बाहेर मे महिन्यात संध्याकाळपर्यंत वास मारतं.

कोरडा रंग आधी काचेवर पाण्यात घोटून लगदा करून ठेवा. रंगवताना लगदा आणि बलक-पाणी साधारण समान घ्या, पण प्रत्येक रंगाची तहान वेगळी. तपासणी सोपी आहे: काचेवर एक फटकारा मारा, वाळू द्या, पात्यानं खरवडा. सालीसारखा एकसंध सुटला तर बरोबर. भुकटी झाली तर अंडं कमी. चिकट आणि चकचकीत राहिला तर अंडं जास्त.

मिश्रणासाठी एक अख्खं अंडं झाकणाच्या बाटलीत जोरात हलवा. त्यात अंड्याइतक्याच मापाचं, सुमारे ५० मिलिलिटर, तेल आणि वार्निश थोडं थोडं घालत हलवत राहा. निम्मं घट्ट जवसाचं तेल, निम्मं राळेचं वार्निश. सगळं एकजीव झाल्यावर ५० ते १०० मिलिलिटर पाणी. पाणी आधी घातलं तर तेलाचे डोळे वर तरंगतात आणि मिश्रण फाटतं. ते वाचवायच्या नादाला न लागता फेकून द्या. मग मलमलीतून गाळा. राळ काष्टौषधींच्या दुकानात मिळते, पण तीत काटक्या आणि माती असते: एक भाग राळ कापडाच्या पोटलीत बांधून तीन भाग टर्पेंटाइनमध्ये दोन दिवस लोंबकळत ठेवा, कचरा पोटलीत राहतो. जवसाच्या तेलानं भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापतात आणि पेटतात. उघडी वाळत घाला किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा.

रंगांपैकी गेरू, काव, पिवळी माती, हिरमजी, लोखंडाचे ऑक्साइड, अल्ट्रामरीन, टायटॅनियम पांढरा आणि काजळी एवढ्यात काम भागतं. काजळी पाण्यावर तरंगते, आधी स्पिरिटचे दोन थेंब टाकून भिजवा. कपड्याची नीळ वापरू नका, तिच्यात काय मिसळलंय कोणी सांगू शकत नाही. हळद आणि फुलांचे रंग वर्षभरात उडतात. हरताळ, हिंगूळ आणि शिशाचा सफेदा विषारी आहेत. जुन्या पोथ्यांत शोभतात, तिथेच राहू द्या.

चित्र उतरवणं

रेखाटनावर अडीच सेंटिमीटरचे चौकोन, कॅनव्हासवर २५ सेंटिमीटरचे: बारा ओळी, सोळा रांगा, १९२ चौकोन. कॅनव्हासवर रेघा आखू नका. कडेला दर २५ सेंटिमीटरला बारीक चुका ठोकून पांढरा दोरा ताणा. आकार उतरला की दोरा काढला, मागं काही राहत नाही. सुताराचं रंगवलेलं सूत मारलं तर गेरूची रेघ पांढऱ्या आकाशातून वर येत राहते. कोळशानंच काढा. बॉलपेनची शाई तर पाच थरांतूनही वर येते.

प्रोजेक्टर का नको? तो तिरका बसला की वरची डोकी रुंद होतात, आणि समोर उभं राहिल्यावर आपल्याच सावलीत काढावं लागतं. चेहऱ्यांपुरता खाका चांगला: पूर्ण मापाचं चित्र कागदावर, रेषेवर टाचणीनं भोकं, वरून कोळशाच्या पुडीची पोटली आपटायची.

सगळं उतरल्यावर सहा मीटर मागं जाऊन पाहण्यासाठी एक अख्खा दिवस मोकळा ठेवा. या टप्प्यावर माणूस सरकवणं दहा मिनिटांचं काम आहे.

रंगवणं

रंग किती लागेल हे अंदाजानं ठरवू नका. एक चौकोन पूर्ण रंगवा, किती मिलिलिटर गेले ते मोजा, त्या छटेच्या चौकोनांच्या संख्येनं गुणा आणि पंचमांश जादा धरा. आकाशाचा किंवा दगडी भिंतीचा मोठा रंग एकाच वेळी घोटून लगदा स्वरूपात बरणीत, वर बोटभर पाणी ठेवून साठवा. अंडं मात्र रोज ताजं मिसळा. आकाश अर्ध्यात संपलं आणि दुसऱ्या दिवशी नवा रंग केला तर ती सीमा कायम दिसते. टेम्परा ओला असताना गडद आणि वाळल्यावर फिका दिसतो, त्यामुळे ओल्याला ओलं जुळवून फसगत होते. प्रत्येक छटेची कागदी पट्टी वाळवून बरणीला बांधा.

वरून खाली या, मागून पुढे या. थेंब खालीच पडतात आणि खालचा भाग अजून झालेला नसावा. पहिला आठवडा चारही जणांनी मिळून अख्ख्या कॅनव्हासवर पातळ मोठे आकार मारायचे. एकाला कोपरा वाटून दिला की तो तिथेच मिशी रंगवत बसतो आणि महिन्याभरानं एका चित्रात चार चित्रं तयार होतात. तपशील शेवटच्या तिसऱ्या भागातच. चेहरे एकाच हाताचे असावेत. कपडे, दगड, पाणी बाकीच्यांत वाटता येतं.

प्रत्येक हात दुधाच्या सायीपेक्षा पातळ. जाड थर त्या दिवशी छान दिसतो आणि पहिल्या थंडीत तडकतो. उजळ जागा पांढऱ्याचे एकावर एक पातळ हात देऊनच वर आणा. ब्रशच्या छोट्या फटकाऱ्यांनी छटा मिसळा, बोटानं किंवा कोरड्या फडक्यानं घोळू नका. खालचा थर उठतो. ३ मीटर उंचीला परांची लागत नाही, रंगाऱ्यांच्या दोन घोड्या आणि मध्ये फळी पुरे. फळी बांधा, नुसती ठेवू नका.

रात्री चित्रावर जुन्या धुतलेल्या चादरी, कॅनव्हासला न टेकता. ओल्या अंड्यावर झुरळं आणि मुंग्या येतात आणि पातळ भाग खरोखर खातात. खाली घोड्यांच्या पायांशी पाण्याच्या वाट्या ठेवा.

पाच-सहा महिने धरा. वार्निश करू नका. या चित्राचं रूपच धूसर, मातकट आहे, आणि चमक आली की काम वाया.

गुंडाळणं आणि लावणं

शेवटच्या हातानंतर निदान महिनाभर चित्र उभंच राहू द्या. मग स्टेपल काढून नळीवर. नळी किमान बारा इंची व्यासाची पीव्हीसी पाइप, ३.४ मीटर लांब. ३ मीटरची बाजू नळीच्या लांबीला येते. रंगाची बाजू बाहेर. आत ठेवायचा मोह होतो, जपल्यासारखं वाटतं. पण आतल्या बाजूला रंग दाबला जातो आणि घड्या बसतात, बाहेरच्या बाजूला बारीक फट पडली तरी उघडल्यावर मिटते. मध्ये आम्लरहित पातळ कागद. वर्तमानपत्राची शाई रंगावर उतरते, प्लॅस्टिक घाम धरतं. नळी जमिनीवर ठेवू नका, दोन टोकांवर टांगून ठेवा.

छोटा हत्तीच्या पाठीत ही नळी मावत नाही, मीटरभर बाहेर राहते आणि गतिरोधकावर टोक आपटतं. त्यापेक्षा मोठा टेम्पो सांगा आणि सकाळी सहाला निघा. नळी गेल्यावर जागेवर ती लगेच उघडा. मुखाच्या कॅनव्हासांना सर्वांत वाईट दिवस आले ते वर्षानुवर्षं गुंडाळून पडले तेव्हा.

चौकट जागेवर जोडा, कर्ण पुन्हा मोजा, कापड पुन्हा मध्यापासून ताणा. एकूण वजन बरंच होतं: खाली दोन लोखंडी ब्रॅकेट जे भार घेतात, वर दोन बोल्ट जे फक्त धरून ठेवतात. भिंत आणि चित्र यांत ५ सेंटिमीटर मोकळी हवा, आणि वरची कड ५ सेंटिमीटर पुढे झुकलेली, म्हणजे धूळ आणि दिव्याची झळाळी दोन्ही कमी. मागच्या बाजूला कोरं मांजरपाट ठोका, पाली आणि कोळी आत घर करत नाहीत.

चौकटीच्या मागं, आतल्या पट्टीवर, पक्क्या शाईनं लिहून ठेवा: कापड, अस्तराचं माप, वापरलेले रंग, तेलाचं प्रमाण, वर्ष. उद्या दुरुस्ती करणाऱ्याला हेच लागणार आहे.

पहिल्या जुलैत कापड सैल पडेल आणि मध्ये पोट येईल. सगळे म्हणतील पाचर मारा. मारू नका. पाऊस सरेपर्यंत थांबा, ऑक्टोबरच्या उन्हात ते बहुतेक आपोआप बसतं. तरी सैल राहिलं तर डिसेंबरच्या कोरड्या दुपारी चारही कोपऱ्यांच्या पाचरी सारख्या, दोन-दोन हलके ठोके.